बायोसमध्ये २६६, सीपीयू-झेडमध्ये २००: बस स्पीड खरा कुठला धरायचा?

निगेटिव्ह_रोल, सांगली | रात्री १०:१२

मंडळी नमस्कार. ओव्हरक्लॉकिंगचा (प्रोसेसर छापील वेगापेक्षा जास्त पळवण्याचा) पहिलाच प्रयत्न आहे आणि पहिल्याच पायरीला अडकलोय.

आमचा फोटो स्टुडिओ आहे. बाबांच्या वेळचे १२० रोलचे निगेटिव्ह स्कॅन करायचं काम हल्ली पुन्हा यायला लागलंय. ज्यांचे लग्नाचे अल्बम पावसाळ्यात बुरशीनं गेले ते लोक निगेटिव्ह शोधून घेऊन येतात. आमचा स्कॅनर जुना, स्कझी जोडणीचा. त्याचं कार्ड पीसीआय स्लॉटमध्ये बसतं आणि ड्रायव्हर विंडोज एक्सपीच्या पुढे आलाच नाही. म्हणून मशीन बदलता येत नाही, आहे तेच जरा पळवावं म्हणतोय. स्कॅन झाल्यावर डाग काढायचं काम चाललं की एकेका फाइलला चहा पिऊन यावं लागतं.

मशीन असं: पेंटियम ड्युअल कोर ई२१६० (१.८ गिगाहर्ट्झ), इंटेल पी३५ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर२-८०० च्या १ जीबीच्या दोन स्टिक, एक्सपी.

बायोसमध्ये (बोर्डाचं स्वतःचं सेटिंगचं पान) होस्ट क्लॉक कंट्रोल, म्हणजे बसचा वेग हाताने ठरवायची सोय, एनेबल केला, २०० च्या जागी २६६ टाकलं, सेव्ह केलं. मशीन सुरू झालं, एक्सपी आलं, मला वाटलं जमलं. सीपीयू-झेड (वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बघतो तर कोअर स्पीड १२००, मल्टिप्लायर (बसच्या वेगाला गुणणारा आकडा) ६, बस स्पीड २००, रेटेड एफएसबी (बसचा छापील वेग) ८००. परत बायोसमध्ये गेलो तर तिथे २६६ जसंच्या तसं.

आता खरं कोणाचं? १.८ चा प्रोसेसर १.२ वर का दिसतोय? आणि डब्यावर ८०० छापलेलं असताना बस २०० म्हणजे चौपट मंद चाललीय का?

रात्रपाळी, पुणे | रात्री १०:४०

शेवटच्या प्रश्नापासून घेतो, म्हणजे बाकीचे सोपे होतील.

गणपतीच्या मिरवणुकीत ढोलाचा एक ठोका पडतो तेवढ्यात ताशाच्या चार काड्या पडतात. तुमच्या बोर्डावर तसंच आहे. घड्याळाचा ठोका सेकंदाला २० कोटी वेळा पडतो, म्हणजे २०० मेगाहर्ट्झ. पण इंटेलच्या त्या पिढीत प्रत्येक ठोक्याला प्रोसेसर आणि चिपसेट यांच्यात चार वेळा माहिती जाते. डब्यावर छापतात ते ताशाचं मोजमाप, बायोसमध्ये आपण बदलतो तो ढोल. २०० गुणिले ४ म्हणजे ८००. मंद वगैरे काही नाही. रॅमचंही तसंच, फक्त तिथे एका ठोक्याला दोन काड्या. डीडीआर२-८०० ची रॅम सीपीयू-झेडमध्ये ४०० दिसली की ती पूर्ण वेगात आहे.

१२०० दिसतंय कारण मशीन रिकामं बसलंय. काम नसलं की प्रोसेसर वीज वाचवायला मल्टिप्लायर ९ वरून ६ वर आणतो. ६ गुणिले २०० म्हणजे १२००. काहीतरी जड काम लावा आणि तेव्हा बघा, ९ गुणिले २०० म्हणजे १८०० दिसेल. म्हणून कोअर स्पीडकडे बघून बस ओळखायची नाही. बसची ओळ वेगळी आहे, तीच बघायची.

राहिला मुख्य प्रश्न. बायोसच्या पानावर दिसतं ते तुम्ही काय मागितलं ते. सीपीयू-झेड सांगतं ते आत्ता काय चाललंय ते. दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत. तुमच्या बोर्डाने २६६ चा प्रयत्न केला, त्याला जमलं नाही, आणि तो गुपचूप २०० वर येऊन सुरू झाला, असा माझा अंदाज आहे. खात्रीसाठी दोन गोष्टी सांगा. एक, पॉवर बटण दाबल्यावर फॅनचं काय होतं? कॅबिनेटचं झाकण उघडून डोळ्यांनी बघा. दोन, बायोसमध्ये मेमरी मल्टिप्लायर किंवा मेमरी फ्रिक्वेन्सी अशी ओळ असेल, तिथे काय लिहिलंय?

निगेटिव्ह_रोल, सांगली | रात्री ११:०५

बघितलं. बटण दाबलं की फॅन फिरतो, दोनेक सेकंदांत थांबतो, परत फिरतो, परत थांबतो, आणि तिसऱ्यांदा सुरू होऊन चालू राहतो. हे आजपासूनच होतंय. मला वाटलं एसएमपीएस (पॉवर सप्लाय) थकलं.

सिस्टीम मेमरी मल्टिप्लायर ४.०० आहे. रॅम ८०० ची म्हणून मागे कधीतरी मीच ऑटो काढून ४.०० करून ठेवलं होतं, म्हणजे शेजारी ८०० दिसतं.

रात्रपाळी, पुणे | रात्री ११:१८

सापडलं. ते ४.०० म्हणजे बसच्या चौपट. २०० ची चौपट ८००, बरोबर. पण बस २६६ केली की तीच चौपट १०६६ होते. तुमच्या स्टिक ८०० च्या आहेत. त्यांच्याकडून १०६६ मागितलं, त्या उठल्याच नाहीत, बोर्डाने दोनदा प्रयत्न केला आणि तिसऱ्यांदा स्वतःच्या मूळ सेटिंगवर सुरू झाला. एसएमपीएसचा काही दोष नाही.

ओव्हरक्लॉक करताना बस ही एक गोष्ट नसते, हे पहिल्या दिवशीच मनात बसू द्या. एका घड्याळावर बरीच मंडळी चालत असतात: प्रोसेसर, चिपसेट, रॅम, काही बोर्डांवर पीसीआय आणि ग्राफिक्स स्लॉटसुद्धा. तुम्ही एक आकडा बदलता तेव्हा कोण कोण त्याच्याबरोबर पुढे सरकतं आणि कोण जागेवर राहतं, हे आधी कागदावर मांडायचं. बस स्पीड तपासणं म्हणजे त्या प्रत्येकाला विचारणं.

उद्या असं करा. मेमरी मल्टिप्लायर २.०० करा, बस २६६. रॅम ५३३ वर येईल, म्हणजे तिच्या कुवतीच्या खूप खाली, तिच्यामुळे अडण्याचा प्रश्नच नाही. तसं नीट चाललं की मग ३.०० करा. २६६ ची तिप्पट ८००, म्हणजे रॅम तिच्या मूळ वेगावर परत.

आणि पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट) फ्रिक्वेन्सी ऑटोवर असेल तर हाताने १०० करा. ऑटोवर काही बोर्ड तीसुद्धा वर चढवतात.

लॅमिंग्टन९८, मुंबई | रात्री ११:५२

रात्रपाळींशी पूर्ण सहमत. ‘कोण बरोबर सरकतं’ या मुद्द्यावर जुनी आठवण लिहितो, कारण हे आम्ही ठेच लागून शिकलो.

१९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला तेव्हा लॅमिंग्टन रोडवर प्रत्येक दुकानात तोच विषय. ६६ च्या बसवर मल्टिप्लायर ४.५, म्हणजे ३०० मेगाहर्ट्झ. बस १०० केली की तोच प्रोसेसर ४५० वर. आणि बहुतेक चालायचा. लोक म्हणायचे चिप नशीबवान. चिप चांगली होतीच, पण दुसरं कारण फार कमी जणांच्या लक्षात यायचं. पीसीआय बस ३३ मेगाहर्ट्झवर चालायला हवी. इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डावर बस ६६ असताना पीसीआयला तिच्या निम्मी मिळायची, म्हणजे ३३. बस १०० असताना एक तृतीयांश, म्हणजे परत ३३. प्रोसेसर दीडपट पळतोय आणि हार्ड डिस्क, साउंड कार्ड यांना काही कळलंसुद्धा नाही. म्हणून ती उडी इतकी निर्धोक होती.

त्याच काळात काही जण ७५ आणि ८३ च्या जंपरवर चालवायचे. आकडा १०० पेक्षा लहान, म्हणून वाटायचं हे जास्त सुरक्षित. होतं उलटं. तिथे भागाकार निम्म्याचाच. ७५ चे ३७.५ आणि ८३ चे ४१.५. पीसीआयवरची मंडळी ८३ वर पाव पटीनं जास्त पळायची आणि कार्डं रुसायची. बीएक्सवरच बस १३३ केली तर पीसीआयला एक चतुर्थांश मिळून ते परत ३३, पण एजीपीला (तेव्हाचा ग्राफिक्स स्लॉट) तेवढा भागाकारच नव्हता. ६६ च्या जागी ८९ जायचे. ते सोसणारं ग्राफिक्स कार्ड आहे का, हे दुकानात उभं राहून लावून बघायचो.

सोल्डरगन, नाशिक | सकाळी ९:२०

लॅमिंग्टन काका, तुमचा प्रतिसाद वाचून माझं जुनं दुखणं वर आलं, तेही लिहून टाकतो.

कॉलेजात असताना माझ्याकडे व्हीआयए केटी१३३ए चिपसेटचा बोर्ड होता. बस १३३, पीसीआय एक चतुर्थांश म्हणजे ३३. मी बस १५० केली. मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) रात्रभर स्वच्छ. प्रोसेसर थंड. गेम उत्तम. मी खूश. १५० चे एक चतुर्थांश ३७.५ होतात, हे गणित मला येत होतं पण मी केलंच नाही. हार्ड डिस्कचा कंट्रोलर त्याच घड्याळावर. तीन आठवड्यांनी विंडोज उठेना, रजिस्ट्रीची फाइल खराब झाल्याचा संदेश. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर फोल्डरांची नावं अर्धी चिन्हांची झालेली. बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो त्यात होते, एकच प्रत. त्यातले अकरा परत मिळाले.

रॅम चुकली की मशीन बहुतेकदा लगेच पडतं, आपण सावध होतो. डिस्कच्या वाटेवरचं घड्याळ चुकलं की मशीन चालत राहतं आणि आतल्या आत चुकीचं लिहीत राहतं. म्हणून @निगेटिव्ह_रोल, लोकांचे लग्नाचे रोल त्या मशीनवर आहेत. एकही सेटिंग बदलण्याआधी सगळ्या फाइल बाहेरच्या डिस्कवर काढा. आजच काढा.

तुमचं दैव चांगलं की पी३५ हा चिपसेट या बाबतीत शहाणा आहे. तिथे पीसीआय वेगळ्या घड्याळावर बांधलेलं असतं, बस वाढवली तरी ३३.३३ च राहतं. पण आकडा स्क्रीनवर कुठेच दिसत नाही. सीपीयू-झेड पीसीआयचा वेग दाखवत नाही. मी हे ऑसिलोस्कोपने (विजेची लाट दाखवणारं यंत्र) तपासतो. रिकाम्या पीसीआय स्लॉटच्या बी बाजूची १६ वी पिन म्हणजे घड्याळ, तिच्या दोन्ही बाजूंना, १५ आणि १७ ला ग्राउंड. शेजारच्या पिनला प्रोब लागला तर शॉर्ट होईल, म्हणून मी प्रोब थेट खुपसत नाही. एक जुनं, मेलेलं मोडेम कार्ड ठेवलंय, त्याच्या १६ व्या बोटावर पातळ वायर सोल्डर केलीय. ते कार्ड स्लॉटमध्ये बसवायचं, वायर प्रोबला. स्क्रीनवर लाट येते, दोन शिखरांमधलं अंतर ३० नॅनोसेकंद असलं की ३३.३ मेगाहर्ट्झ. मग मशीन बंद करून बस बदलायची, परत सुरू करायचं. शिखरं जवळ आली तर समजायचं पीसीआयसुद्धा सरकतंय. जागेवर राहिली तर लॉक आहे.

हिशेबी, ठाणे | सकाळी १०:०२

मला हा सगळा खटाटोप पटत नाही, स्पष्ट सांगतो. ज्या मशीनवर गिऱ्हाइकाचं काम आहे त्यावर ओव्हरक्लॉक करू नये. याच सॉकेटचा ई८४०० जुन्या बाजारात मिळतो. तो मूळचाच ३ गिगाहर्ट्झ, ३३३ च्या बसवर ९ चा मल्टिप्लायर. बसवा आणि मोकळे व्हा.

रात्रपाळी, पुणे | सकाळी १०:३०

तुमचा सल्ला चुकीचा नाही, आणि मिळाला तर त्यांनी तेच करावं. फक्त ४५ नॅनोमीटरचा तो प्रोसेसर त्यांच्या बोर्डाच्या बायोसला ओळखता येतो का, ते आधी बघावं लागेल.

पण इथे ‘ओव्हरक्लॉक’ कशाचा होतोय ते नीट बघू या. पी३५ हा मुळातच १३३३ च्या एफएसबीसाठी बनवलेला चिपसेट आहे, म्हणजे ३३३ चा ठोका. २६६ त्याच्यासाठी रोजचं काम. रॅम ३.०० च्या गुणाकारावर ८००, तिच्या छापील वेगात. पीसीआय एक्सप्रेस १००, पीसीआय ३३. म्हणजे २६६ वर गेल्यावर मर्यादेबाहेर जाणारा एकच जण उरतो, तो म्हणजे प्रोसेसर: १.८ वरून २.४. आणि त्या पिढीतले हे प्रोसेसर तेवढं सहज पेलतात. तुम्ही सुचवलेला ई८४०० लावला तर बोर्ड याहूनही वरच्या बसवर चालेल आणि त्याला कुणी ओव्हरक्लॉक म्हणणार नाही.

३७० मागितले असते तर मीही हरकत घेतली असती.

कळफलक, छत्रपती संभाजीनगर | दुपारी १:१५

मध्येच विचारते, चालेल ना? इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझं मशीन नवं आहे, काहीही ओव्हरक्लॉक केलेलं नाही. सीपीयू-झेडमध्ये बस स्पीड ९९.७६ दिसतो, कधी ९९.८. १०० कधीच नाही. बोर्ड सदोष आलाय का? वॉरंटीत बदलून घेऊ?

रात्रपाळी, पुणे | दुपारी १:४०

बदलू नका, बोर्ड ठणठणीत आहे. बायोसमध्ये स्प्रेड स्पेक्ट्रम नावाची ओळ शोधा, ती चालू असणार. अगदी एकाच वारंवारतेवर घड्याळ चाललं की त्याचा रेडिओ गोंगाट त्याच जागी साठतो आणि आजूबाजूच्या उपकरणांना त्रास देतो. म्हणून घड्याळ मुद्दाम १०० पासून अर्धा टक्का खालपर्यंत सतत झुलवतात, म्हणजे गोंगाट पसरून विरळ होतो. १०० ते ९९.५ मध्ये झुलणाऱ्याची सरासरी ९९.७५ येते. तुमचा आकडा तोच आहे.

कळफलक, छत्रपती संभाजीनगर | दुपारी १:५५

बंद करून बघितलं, १००.०० आलं! मग मीही बस ११० केली तर? या धाग्यावरून तर सोपं वाटतंय.

सोल्डरगन, नाशिक | दुपारी २:३०

ताई, थांबा. तुमच्या पिढीचं गणित निराळं आहे.

२०११ मध्ये सँडी ब्रिज आला तेव्हा इंटेलने सगळ्यांना एकाच १०० मेगाहर्ट्झच्या दावणीला बांधलं. प्रोसेसर, पीसीआय एक्सप्रेस, साटा (डिस्कची जोडणी), सगळे त्याच ठोक्यावर. १०३, १०५ च्या पुढे काहीतरी सुटायचंच. ज्याला वेग हवा त्यानं के अक्षर असलेला प्रोसेसर घ्यायचा आणि बसला हात न लावता मल्टिप्लायर वाढवायचा. २०१५ च्या स्कायलेकमध्ये पीसीआय एक्सप्रेसचं घड्याळ परत वेगळं केलं. तेव्हा काही बोर्डांवर के नसलेले प्रोसेसरही बस वाढवून पळायला लागले, आणि २०१६ च्या सुरुवातीला नव्या मायक्रोकोडने (प्रोसेसरमधलं अंगभूत सॉफ्टवेअर) तो रस्ता बंद झाला. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या पुष्कळ बोर्डांवर अजूनही बस वाढवली की पीसीआय एक्सप्रेस बरोबर जातं, आणि त्याच वाटेवर तुमची एनव्हीएमई डिस्क बसलेली असते. आधी लिहिलेली माझी गोष्ट पुन्हा वाचा.

नव्या मशीनवर बस १०० च ठेवा आणि बाकीचे आकडे तपासायची सवय लावा. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये बस क्लॉक, मेमरी क्लॉक दोन्ही दिसतात. रायझनवर डीडीआर४-३६०० ची रॅम असेल तर मेमरी १८०० आणि एफसीएलके (प्रोसेसरमधल्या आतल्या दुव्याचं घड्याळ) पण १८०० दिसायला हवा, जोडीनं. माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे लोक रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल (छापील वेग लावणारी सेटिंग) चालू न केल्यामुळे महाग रॅम २१३३ वर चालवत असतात. ग्राफिक्स कार्डाचा दुवा कितव्या पिढीवर आणि किती लेनवर जोडलाय ते जीपीयू-झेडमध्ये बघा, पण कार्डाला काम देऊन बघा, रिकामं असताना तोही खाली येतो.

वेळेवर, म्युनिक | दुपारी ४:०५

चर्चा उत्तम चालली आहे. ‘सीपीयू-झेड जे सांगतं ते खरं’ यावर थोडी भर घालतो, कारण मी मोजमापाच्याच क्षेत्रात काम करतो.

सीपीयू-झेड बसचा वेग कुठून वाचत नाही. तो काढतो. प्रोसेसरच्या आत ठोके मोजणारा एक मोजक आहे. बोर्डावरच्या दुसऱ्या, स्वतंत्र घड्याळाने ठरावीक वेळ धरायची, तेवढ्यात प्रोसेसरचे ठोके किती पडले ते बघायचं, त्यावरून कोअर स्पीड. मग मल्टिप्लायर विचारून त्याने भागायचं, की बस आली. म्हणजे या उत्तरात दोन गोष्टी गृहीत आहेत: मल्टिप्लायर बरोबर कळला आणि दुसरं घड्याळ बरोबर चाललं. ई८५०० चा मल्टिप्लायर ९.५ आहे. सॉफ्टवेअर इतकं जुनं असेल की अर्धा ओळखतच नाही आणि ९ धरतं, तर ३३३ ची बस ३५२ दिसेल. बसचा आकडा कुठल्याच हिशेबात बसत नसेल तर आधी सॉफ्टवेअरची आवृत्ती बदला.

दुसरं घड्याळ चुकलं की काय होतं, याचा मोठा किस्सा २०१३ चा. ओव्हरक्लॉकिंगचे विक्रम नोंदवणाऱ्या एचडब्ल्यूबॉटने त्या वर्षी ऑगस्टमध्ये विंडोज ८ वरचे निकाल घेणं थांबवलं. तेव्हाच्या इंटेल मशीनवर विंडोज ८ चालू असतानाच बस खाली आणली की विंडोजचं घड्याळही त्याच प्रमाणात मागे पडायचं. बस ६ टक्के कमी केली तर विंडोजचा मिनिटही तेवढाच लांब. बेंचमार्क त्याच घड्याळाकडे बघून वेळ सांगणार, म्हणजे मंद मशीन कागदावर वेगवान.

म्हणून माझी पद्धत साधी आहे. एक ठरलेलं काम घ्या, तेच तेच. मनगटावरच्या घड्याळाने बस बदलण्याआधी मोजा आणि बदलल्यानंतर मोजा. बस २०० वरून २६६ झाली आणि मल्टिप्लायर तोच राहिला तर प्रोसेसरचं काम पाऊण वेळात व्हायला हवं. डिस्कचं वाचन-लेखन त्यात मिसळलेलं असेल तर थोडं जास्त लागेल. वेळ जवळपास तेवढाच राहिला तर स्क्रीनवर काहीही दिसो, बस बदललेली नाही.

लॅमिंग्टन९८, मुंबई | दुपारी ४:४०

+१. घड्याळाची चाचणी आम्हीही करायचो.

निगेटिव्ह_रोल, सांगली | रात्री ९:३०

आज दुकान लवकर बंद करून बसलो. क्रमानं सांगतो.

सोल्डरगन, तुमचं वाचून आधी सगळ्या फाइल बाहेरच्या डिस्कवर काढल्या. अडीच तास गेले, पण बरं केलंत सांगितलंत. चार रोलच्या फाइल खरंच एकाच जागी होत्या.

मग जुन्या सेटिंगवर एक मोजमाप घेतलं. एकच स्कॅन, त्यावर धूळ आणि ओरखडे काढायची ठरलेली क्रिया, बाबांच्या एचएमटीच्या घड्याळावर: ४ मिनिटं १० सेकंद.

बस २६६, मेमरी २.००, पीसीआय एक्सप्रेस हाताने १००. बटण दाबलं. फॅन एकदाच फिरला आणि फिरत राहिला. तो आवाज थांबला नाही तेव्हाच कळलं. सुरुवातीच्या काळ्या स्क्रीनवर २.४० गिगाहर्ट्झ, २६६ गुणिले ९ असं आलं. सीपीयू-झेडमध्ये रिकामं असताना १६००, ६ चा मल्टिप्लायर. काल मी यालाच घाबरलो असतो, आज ६ गुणिले २६६ डोक्यात केलं. काम दिल्यावर २४००. बस २६६.७, रेटेड एफएसबी १०६६.७. मेमरीच्या पानावर २६६.७ आणि बस-रॅम प्रमाण १:१.

मग मेमरी ३.००. फॅन पुन्हा एकदाच. मेमरीच्या पानावर ४०० आणि २:३.

तेच स्कॅन, तीच क्रिया, तेच घड्याळ: ३ मिनिटं १५ सेकंद. पाऊण वेळेचा हिशेब ३ मिनिटं ७ सेकंदांचा होता, थोडं डिस्कचं धरलं तर जुळतंय ना?

वेळेवर, म्युनिक | रात्री ९:४५

छान जुळतंय. तुमची बस २६६ आहे, आता कुणाचीही साक्ष नको.

रात्रपाळी, पुणे | रात्री १०:१०

मनापासून अभिनंदन. लगेच काम सुरू करू नका मात्र. आज रात्री मेमटेस्ट लावून झोपा, एकही चूक येता कामा नये. उद्या प्राइम९५ (प्रोसेसरला पूर्ण राबवणारी चाचणी), आधी स्मॉल एफएफटी, मग ब्लेंड, आणि शेजारी तापमान दाखवणारं कोअर टेम्प उघडा. व्होल्टेज वाढवलं नाहीये ना? नका वाढवू, २.४ ला गरज पडणार नाही बहुतेक. ते सगळं पार पडलं की एकच निगेटिव्ह दोनदा स्कॅन न करता, एकच तयार फाइल पन्नास वेळा कॉपी करा आणि मूळ फाइलशी ताडून बघा. सगळ्या प्रती तंतोतंत निघाल्या तर डिस्कची वाट स्वच्छ आहे.

निगेटिव्ह_रोल, सांगली | तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी ७:००

मेमटेस्ट ९ तास, शून्य चुका. प्राइम ६ तास, तापमान ५८ च्या वर गेलं नाही. पन्नासच्या पन्नास प्रती जुळल्या. स्कॅनरचं कार्ड नेहमीसारखं चालतंय, आज दुपारी पहिला रोल घेतला, १२ च्या १२ फ्रेम. मिरजेच्या एका आजींच्या लग्नाचे आहेत. मुंडावळ्यांचा प्रत्येक मोती वेगळा दिसतोय.

३०० करून बघायचा मोह होतोय, पण नाही करणार. हिशेबी, तुमचं ऐकलं एवढ्यापुरतं. रात्रपाळींनी सांगितल्यासारखा कागद केलाय: बस, मल्टिप्लायर, मेमरी, पीसीआय एक्सप्रेस, तारीख. कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवला.

सोल्डरगन, नाशिक | संध्याकाळी ७:२५

उत्तम. त्या कागदावर आणखी एक ओळ लिहा. बोर्डावरचा गोल सेल, सीआर२०३२, कधी बदललाय? तो संपला की बायोस सगळं विसरतं आणि मशीन निमूटपणे २०० वर येतं. ऑफिसची मशीनं ‘अचानक मंद झाली’ म्हणून माझ्याकडे येतात, त्यातल्या काहींना एवढंच झालेलं असतं. सकाळी मशीन सुरू केल्यावर तारीख चुकीची दिसली तर आधी बस बघा.

निगेटिव्ह_रोल, सांगली | रात्री ८:५०

विकत घेतल्यापासून बदललाच नव्हता. मीटरला २.६ व्होल्ट दाखवत होता. नवीन टाकला, तारीख लावली, कागदावरून आकडे परत भरले. फॅन एकदाच फिरला.